यांचे पूर्ण मार्क आणि माझा पाय

"पैर की नस बंद है, माताजी. इसी हफ्ते खुलवा लीजिए, नहीं तो पैर नहीं बचेगा."

डॉक्टर माझ्या तोंडाकडे न बघता पायाकडे बघत बोलले. हातात डॉप्लरचा रिपोर्ट. डॉप्लर म्हणजे पायातलं रक्त कुठवर पोचतंय ते दाखवणारी सोनोग्राफी. माझं गुडघ्याखाली जेमतेम पोचत होतं. आजाराचं नाव पेरिफेरल आर्टरी डिसीज. म्हणजे पायाला रक्त नेणारी नळी आतून बुजत जाते. शुगर मला कितीतरी वर्षांची आहे, तिचेच हे धंदे.

सुरुवात अगदी फालतू होती. रामघाटाच्या पायरीवर अंगठ्याला ठेच लागली. लग्न होऊन बनारसला, या दूधविनायकाच्या गल्लीत आले तेव्हापासून पहाटेची गंगा मी सोडलेली नाही, ठेचा काय थोड्या लागल्या? ही दुखली नाही, म्हणून मी खूश! अगं बाई, दुखत नाही हेच तर वाईट. शुगरने पायाची जाणीव मरते, त्याला न्यूरोपथी म्हणतात. तुम्हाला शुगर असेल तर रोज आरसा धरून तळपाय बघा. मी बघितलं तेव्हा अंगठा निळा पडला होता.

नळी खोलायची म्हणजे अँजिओप्लास्टी. मांडीच्या शिरेतून तार घालून फुग्याने वाट मोकळी करतात. माझ्या तोंडचं पाणी पळालं. पण आमचे हे छाती काढून म्हणाले, "कॅशलेस आहे आपलं. तू घाबरतेस कशाला?"

हे वेदपाठशाळेत शिकवतात. पाठांतर असं की झोपेतून उठवलं तरी स्वर चुकणार नाही. आरोग्यविमा घेतला तेव्हा कंपनीची पुस्तिकासुद्धा यांनी संथा घेतल्यासारखी पाठ केली. गल्लीतली मराठी घरं यांना विचारल्याशिवाय विमा घेत नसत. मागे युनिव्हर्सिटीतून एक मुलगी आली होती, लोकांना विमा कितपत कळतो आणि ते तो कसा निवडतात हे मोजायला. प्रत्येक प्रश्नाला चार पर्याय. यांची सगळी उत्तरं बरोबर. ती म्हणाली, "सर, पूरे मोहल्ले में सिर्फ आप." मग मला विचारलं. मी बहुतेकांना 'नहीं मालूम' म्हटलं. हे हसले, "इनसे क्या पूछती हो बेटी, इनसे रसोई का पूछो." तीही हसली. आणि मेलं, मीसुद्धा हसले.

तर आता हॉस्पिटलच्या विम्याच्या खिडकीवरचा माणूस म्हणाला, "वेटिंग पीरियड चल रहा है, शुगर का कुछ भी कवर नहीं होगा." वेटिंग पीरियड म्हणजे आधीपासूनच्या दुखण्याचा खर्च कंपनी काही वर्षं देत नाही, ती थांबायची मुदत. मी म्हटलं, अहो भैया, आमचा विमा तर जुना आहे. तो म्हणाला, "ये तो पिछले नवरात्र की पॉलिसी है, माताजी."

मी यांच्याकडे बघितलं. हे भिंतीवरच्या पंख्याकडे बघत होते.

झालं होतं ते असं. यांनी जुनी कंपनी सोडून नवी निवडली. निवड चांगली होती, खोटं कशाला बोलू? जुन्या विम्याची वर्षं नव्या कंपनीत धरून मिळतात, त्याला पोर्टेबिलिटी म्हणतात. अर्ज वेळेत गेला, होकार आला. हप्ता भरून मोबाइलवरचा ओटीपी सांगायचा, एवढंच राहिलं. तेवढ्यात पितृपक्ष लागला.

पितृपक्षात आमच्याकडे नवं काही घेत नाहीत. साडी नाही, भांडं नाही, केरसुणीसुद्धा नाही. एजंट फोन करकरून थकला, "पंडितजी, पुरानी खत्म हो जाएगी." हे म्हणाले, "ग्रेस पीरियड है." ग्रेस पीरियड म्हणजे मुदत संपल्यावर हप्ता भरायला मिळणारे जादा दिवस. पण ते जुन्याच कंपनीत राहणाऱ्याला! यांना तेही शब्दन् शब्द पाठ होतं! मी श्राद्धाचे वडे तळता तळता म्हटलं, "अहो, मग जुनाच हप्ता भरा. तो काही नवा नाही." तर म्हणाले, "तुला त्यातलं काय कळतं?"

घटस्थापनेला मुहूर्त बघून, सोवळं नेसून, देवापुढे बसून यांनी ओटीपी सांगितला. तोवर जुना विमा मेलेला होता. एजंटने तसं सांगितलंही, "अब ये नई मानी जाएगी." हे म्हणाले, "हाँ हाँ, मालूम है." आणि गल्लीभर पेढे वाटले.

एवढा पैसा हातात नव्हता, म्हणून सरकारी हॉस्पिटल. गल्लीत रिक्षा येत नाही, तेव्हा घाटावरच्या दोघा मल्लाहांनी, म्हणजे नावाड्यांनी, मला प्लास्टिकच्या खुर्चीत बसवून रस्त्यापर्यंत उचलून नेलं. तिथे अँजिओप्लास्टीचा नंबर लागायला वेळ होता. अंगठा काळा झाला. मग शेजारची बोटं. मग वास सुटला. शेजारच्या खाटेवरच्या बाईने खाट सरकवून घेतली. हे उशाशी मृत्युंजय जपत बसायचे. मी म्हटलं, "आता कशाला? तेव्हा चार आकडे बोलला असतात तर पुरलं असतं." जप थांबला नाही.

"गैंग्रीन है," डॉक्टर म्हणाले. गँग्रीन म्हणजे माणूस जिवंत असताना त्याचं मांस मरणं. "अब नस खोलने से कुछ नहीं होगा. घुटने के नीचे से काटेंगे. दस्तखत कीजिए."

त्या दिवशी अमावस्या होती. यांनी मुहूर्त विचारला नाही, लगेच सही केली.

नसलेल्या पायाचा अंगठा अजून खाजतो. फँटम पेन म्हणतात याला, तुटलेल्या अवयवाचं दुखणं. शेजारच्या काकू भेटायला आल्या नि म्हणाल्या, "काशीत गेला हो, तेवढा तरी मुक्त झाला." पाय! व्यायाम शिकवणाऱ्या मुलीचे मात्र आभार मानते. रडले की ओरडायची, आणि तिच्या ओरडण्यानेच मी उभी राहिले. जयपूर फूट बसवताना डॉक्टर म्हणाले, "चल लेंगी, माताजी. घाट की सीढ़ियाँ भूल जाइए." हे रोज पहाटे कळशीभर गंगा आणून माझ्या अंगावर घालतात. मी डोळे मिटून घेते, यांचं तोंड दिसायला नको म्हणून.

एकच सांगते. नवा विमा हातात पडेपर्यंत जुना मरू देऊ नका, पितृपक्ष असो की ग्रहण. आणि घरात कुणाला सगळं पाठ असेल तर त्याच्यावर दुप्पट नजर ठेवा.

परवा ती युनिव्हर्सिटीची मुलगी पुन्हा आली. पाहणीची दुसरी फेरी होती, तेच प्रश्न. मी खाटेवर, मांडीवर चादर. शेवटी तिने यांना विचारलं, पोर्ट करताना जुनी पॉलिसी मुदत संपून बंद पडली तर काय होतं? हे खणखणीत आवाजात म्हणाले, "कंटिन्युइटी टूट जाती है. वेटिंग पीरियड फिर से शुरू." "बिल्कुल सही, सर! इस बार भी सब सही!"

मग माझ्याकडे वळून तोच प्रश्न. मी चादर बाजूला केली.

"पैर जाता है," मी म्हटलं.

तिने तुटक्या पायाकडे बघितलं. मग यांच्याकडे, मग हातातल्या टॅबकडे. "आंटी," ती हळूच म्हणाली, "ये चार ऑप्शन में नहीं है."

आणि तिने माझ्या नावापुढे 'नहीं मालूम' दाबलं.