अकरा नंबरचा जोड

"काढ ते बूट. आत्ताच्या आत्ता काढ."

सेक्रेटरीबाई लाँचच्या डेकवर उभ्या होत्या. मी खाली, चढायच्या फळीवर. माझ्यापुढे माझी आई. तिने उजव्या डोळ्यावर लुगड्याचा पदर दाबून धरला होता आणि पदर लाल झाला होता. पायात पांढरेशुभ्र कॅनव्हासचे बूट. ते मीच दोन मिनिटांपूर्वी घातले होते. गाठही मीच मारली होती.

मी गुडघ्यावर बसले. नाडी सुटेना.

डेकवरून एका पाहुण्याचा आवाज आला. "थांबा, थांबा. असंच राहू दे. एक फोटो घेतो."

त्याने फोटो घेतला. कुणीतरी हसलं. मग आईने एक पाय आपणहून वर उचलला, मला सोपं जावं म्हणून. म्हणाली, "काढ, बाय. त्यांचं हाय ते."

मी काढले.

ही गोष्ट मी आजवर कुणाला सांगितली नाही. आता क्रमाने सांगते. क्रम लावल्याशिवाय मला काही जमत नाही.

दुष्काळाचं साल होतं. मी एकोणीस वर्षांची. आमची वाडी भंडारदऱ्याच्या जलाशयाच्या वरच्या टोकाला, डोंगराच्या पायथ्याशी. धरणाची भिंत, बाजार, दवाखाना, मोटारीचा रस्ता, सगळं दुसऱ्या टोकाला. लाँचने दीड तास. पायी डोंगराच्या कडेकडेने अख्खा दिवस. पण लाँच आमच्यासाठी नव्हती. ती एका क्लबची होती. नगरचे, संगमनेरचे कंत्राटदार, वकील, बागायतदार त्याचे सभासद. दर रविवारी त्यांची सफर निघायची. सकाळी भिंतीपाशी बसायचे, आमच्या टोकाला येऊन झाडाखाली जेवायचे, चारला परत.

मी सातवी पास होते आणि अक्षर चांगलं होतं, म्हणून क्लबने मला लाँचवर ठेवलं आणि राहायला भिंतीपाशी एक खोली दिली. कामं ठरलेली. आरामखुर्च्या बावीस, प्रत्येकीवर उशी. टॉवेल, कपबशा, पत्त्यांचे जोड. थर्मासात चहा. भुशात गुंडाळलेला बर्फ संगमनेरहून यायचा, तो फोडून लिंबाच्या सरबतात टाकायचा. सभासदांना हे सगळं हवं तेवढं. आणि बूट. लाँचचा डेक पांढऱ्या रंगाचा, घासून गुळगुळीत केलेला. त्यावर चामड्याची टाच चालत नसे, म्हणून क्लबने कॅनव्हासचे बावीस जोड आणून ठेवले होते. त्यांचं कपाट माझ्याकडे, किल्ली माझ्याकडे. प्रत्येक जोडाच्या तळव्यावर मी आकडा घातला होता. कोणता जोड कुणाला दिला ते वहीत लिहायचं, परत आला की खूण करायची, धुवायचा, पांढरं लावायचं, उन्हात ठेवायचा. एकदाही चुकले नाही.

माझ्यासाठीही नियम होते. पांढरी गोल साडी. हातात बांगड्या नाहीत, वाजतात. मनगटावरचं गोंदण दिसू नये म्हणून झंपराच्या बाह्या पूर्ण. 'हाय' म्हणायचं नाही, 'आहे' म्हणायचं. पाहुण्यांसमोर बसायचं नाही. पाय अनवाणी, पण बादलीत धुऊन मगच वर. मी कामावर होते, म्हणून माझे अनवाणी पाय चालायचे.

फळीपाशी पाटी होती. पुरुषांनी कॉलरचा सदरा घालावा. पायात स्वच्छ कॅनव्हास बूट असल्याशिवाय कोणीही डेकवर येऊ नये. खाली क्लबच्या सेक्रेटरीसाहेबांची सही. त्यांच्या पत्नीला सगळे सेक्रेटरीबाई म्हणायचे.

खरं सांगते, ती पाटी मला आवडायची. एकदा एक मोठा बागायतदार कोल्हापुरी चपला घालून आला. सेक्रेटरीसाहेबांनी त्याला फळीवरच थांबवलं. "नियम सगळ्यांना सारखा, दादासाहेब." त्याने निमूट बूट घातले. मी त्याचा जोड वहीत लिहिला तेव्हा मला वाटलं, नियम असावा तर असा. तोंड बघत नाही. आमच्या वाडीत मुकादम, तलाठी, सगळे तोंड बघून बोलायचे. इथे तसं नाही. इथे लिहिलेलं आहे.

त्या उन्हाळ्यात पाणी फार खाली गेलं. आमच्या टोकाला काठापासून पाण्यापर्यंत नुसता गाळ. गुडघाभर, कुठे मांडीभर. पाहुण्यांच्या पांढऱ्या बुटांना गाळ लागू नये म्हणून वाडीतली आठ माणसं त्यांना खुर्चीत बसवून ने-आण करायची. खुर्चीला दोन बांबू बांधलेले, पुढे एक, मागे एक. माझा थोरला भाऊ, दादा, त्यातच. ते फळीपर्यंत यायचे, खुर्ची टेकवायचे आणि तिथेच गाळात उभे राहायचे. फळीवर पाय टाकायचा नाही. पाहुणा थेट खुर्चीतून फळीवर.

हे मी दर रविवारी बघत होते. मला त्यात काही दिसलं नाही. मी बूट मोजत होते.

आई वाडीच्या वर दुष्काळी कामावर खडी फोडायची. त्या रविवारी रस्त्याच्या घाईमुळे काम चालू होतं. दगडाची कपची उडाली आणि तिच्या डोळ्यात घुसली. मुकादम म्हणाला, घरी जा, पाण्याने धू. तिने धुतला. रक्त थांबेना. दादा जेवत बसलेल्या पाहुण्यांना सोडून वर धावला आणि तिला पाठीवर घेऊन खाली आला. तेव्हा चार वाजत आले होते. पाहुणे लाँचवर चढत होते.

"बये," दादा गाळातूनच ओरडला, "आयला दवाखान्यात न्यायला पायजे. सायबाला इचार."

मी सेक्रेटरीसाहेबांना विचारलं. हात जोडून विचारलं. चौदा पाहुणे होते. खुर्च्या बावीस. आठ रिकाम्या. हे मला मोजावं लागत नव्हतं.

ते आईकडे बघून म्हणाले, "अरेरे. पण तुला नियम माहीत आहे ना? डेक बघ. तिचे पाय बघ. मी एकाला सूट दिली की उद्या सगळी वाडी येऊन बसेल."

"मागे कोपऱ्यात बसेल, साहेब. इंजिनापाशी."

"नियम सगळ्यांना सारखा," ते म्हणाले, आणि बर्फाचं काय झालं ते बघायला आत गेले.

आता मी काय केलं ते ऐका. मला राग आला नाही. मी विचार केला. नियम पायांचा आहे. बुटांचा आहे. मग बूट घालू. इतकं सोपं आहे, साहेबांच्या लक्षात आलं नसेल. मी धावत कपाट उघडलं. आईचा पाय लहान, पाच मापाचा अकरा नंबरचा जोड तिला होईल. बादली घेतली. दादाने तिला फळीच्या टोकावर बसवलं. मी तिचे पाय धुतले, टाचांच्या भेगांतला गाळ बोटाने काढला, टॉवेलने पुसले. बूट घातले. वहीत लिहिलं: अकरा, आई.

वहीत लिहिलं! अजून आठवतं. मला वाटलं, लिहिलं म्हणजे झालं.

ती फळीवर चार पावलं चालली. जन्मात पहिल्यांदा पायात बूट. एका हाताने डोळा धरलेला, दुसरा माझ्या खांद्यावर. तेवढ्यात सेक्रेटरीबाईंनी पाहिलं.

"बाई, नियम बुटांचा आहे," मी म्हणाले. "तिच्या पायात बूट आहेत. पायही धुतलेत."

"बूट पाहुण्यांचे आहेत. आता ते कोण घालणार? तू घालशील?"

पुढचं वर लिहिलं आहे. बूट काढल्यावर बाई म्हणाल्या, "टाकून दे ते." मी दोन्ही बूट पाण्यात टाकले. साहेबांनी वही मागितली, 'आई' हा शब्द बघितला आणि म्हणाले, "हे खोड. बाद लिही." मी खोडलं. अकरा नंबर, बाद. अक्षर चांगलं आलं.

मग ते म्हणाले, "चल, उशीर होतोय." आणि मी लाँचवर चढले.

हे लिहायला मला सगळ्यात जास्त वेळ लागला. मी चढले. पाय धुऊन चढले. मनाशी म्हटलं, पुढे जाऊन डॉक्टरांना सांगून ठेवते. पण ते नंतर सुचलं. आधी पाय गेले. लाँच वळली तेव्हा दादा आईला पुन्हा पाठीवर घेत होता. दीड तास मी सरबत वाटलं. एका बाईंना बर्फ जास्त हवा होता. मी दिला.

उतरल्यावर मी दवाखान्यात सांगितलं, डॉक्टर थांबले. आई दुसऱ्या दिवशी सकाळी पोचली. दादाचे तळवे सोलून निघाले होते. डॉक्टरांनी पदर बाजूला केला, बराच वेळ बघितलं आणि विचारलं, "काल लाँचनेच का नाही आणलं?" पुढे नगरला नेलं. डोळा राहिला नाही.

मी ज्या नियमावर विश्वास ठेवला होता त्याने माझ्या आईचा डोळा घेतला. त्या नियमाची वही मी लिहीत होते. हे मला नगरहून परत येताना एस.टी.त कळलं. कुणी समजावलं नाही.

वाडीत आल्यावर मी आठही घरी गेले. एकेकाला विचारलं आणि संध्याकाळी सगळ्यांना आमच्या अंगणात बोलावलं. दादा आधी म्हणाला, "लाँच त्यांची, वही त्यांची, खुर्ची त्यांची. आपलं काय हाय तिथं?"

"खांदे आपले आहेत," मी म्हणाले.

त्याचा हात खांद्यावरच्या बांबूच्या वणाकडे गेला. आठांत सगळ्यात म्हातारे कोंडाजीकाका. ते तंबाखू चोळत म्हणाले, "त्या ढेरीवाल्या वकिलाची खुर्ची माज्याकडं द्या. लई रविवार मानंवर बसलाय. त्याला मीच उतरवतो." सगळे हसले. हसता हसता त्यांची बायको म्हणाली, "उद्यापासनं मुकादम कामावर घेनार न्हाई. मंग हसा." हसू थांबलं. पण कुणी नाही म्हणालं नाही.

रविवारी सकाळी त्यांनी पाहुण्यांना नेहमीसारखं काठावर नेलं. मी सरबत केलं, बूट वाटले, एकवीस जोडांतले. चार वाजता खुर्च्या परत निघाल्या. लाँच वीस पावलांवर राहिली आणि दादाने मान हलवली. पहिल्या चारही खुर्च्या खाली आल्या. गाळात.

"उतरा," दादा म्हणाला. "हितनं चालत."

"अरे उचला! उचला ना!" सेक्रेटरीबाई ओरडल्या. खुर्ची कलत होती.

"पाय दुखत्यात, बाईसाहेब," कोंडाजीकाका म्हणाले. "आमालाबी पायच हायेत." वकील खुर्चीला धरून बसले होते. काकांनी त्यांना मोठ्या अदबीने हात देऊन गाळात उभं केलं. मग काठावर उरलेल्यांनाही कुणी न्यायला गेलं नाही.

ते आले. धरत, सावरत, शिव्या देत. कुणाचे बूट गाळातच राहिले. गुडघ्यापर्यंत काळे होऊन सगळे फळीपाशी जमले. फळीवर मी उभी होते. बादली मी उपडी करून ठेवली होती.

"वर येता येणार नाही," मी म्हणाले. "पायात स्वच्छ बूट नाहीत."

"वेडी झालीस का? बाजूला हो," साहेब म्हणाले.

"नियम सगळ्यांना सारखा. तुम्हीच सांगितलंत."

"नियम आम्ही केलाय!"

एवढंच. तीन शब्द. पाटीवर हे लिहिलेलं नव्हतं. मग त्यांनी कोपराने मला ढकललं आणि मी गाळात पडले. एकामागून एक सगळे चढले. पांढऱ्या डेकवर पावलं उमटत गेली, काळी, मोठी, लहान. कुणी कुणाला थांबवलं नाही. कुणी फोटो काढला नाही. वर जाऊन ते उशा टेकून बसले. मी गाळातून उठले आणि वही उघडली. बोटं चिखलाची होती, तरी लिहिलं. तेरा नावं. चिखलाच्या पायांनी डेकवर चढलेल्यांची. तेवढं पान फाडून घेतलं आणि वही फळीवर ठेवली. किल्ली वहीवर.

लाँच गेली. या वेळी मी तिच्यावर नव्हते.

नंतर काय झालं ते थोडक्यात. काकूंचं म्हणणं खरं ठरलं. दुसऱ्या दिवशी आमच्या आठ घरांतल्या कुणालाच खडीवर घेतलं नाही. दादा खाली कारखान्याच्या बाजूला मजुरीला गेला आणि पुष्कळ दिवस आला नाही. कोंडाजीकाका पावसाळा बघू शकले नाहीत. लाँच तशीच चालू राहिली. पाहुणे दुसऱ्या काठावर उतरायला लागले, जिथे उतार खडकाळ होता. पाटी तीच, पुन्हा रंगवलेली. आम्ही जिंकलो असं मी कुठेही म्हणणार नाही.

त्या रविवारी मी चिखलाच्या साडीत घरी आले तेव्हा आई दाराशी बसली होती. डोळ्यावर पट्टी. तिने विचारलं, "चढलं का गं ते?"

"चढले."

"तसंच? चिखलानिशी?"

"हो."

दुसऱ्या डोळ्याने तिने आपल्या पायांकडे बघितलं. म्हणाली, "मंग माज्या पायाला काय हुतं? तू तर धुतलं हुतंस."

आज मी मुलींच्या एका वसतिगृहाची व्यवस्था बघते. नियम मीच करते, याद्या मीच ठेवते, चोख ठेवते. तेरा नावांचं ते पान माझ्या टेबलाच्या खणात आहे. वरून एखादा कागद येतो, अमुक मुलींना घेऊ नये, तमुक कपड्यांत येऊ देऊ नये. मी तो पानाशेजारी ठेवते आणि विचारते, हा लिहिणारा स्वतः चिखलाने भरून आला तर थांबेल का? थांबणार नसेल, तर त्या कागदावर माझी सही होणार नाही. दोनदा बदली झाली. तिसऱ्यांदा करा.

पण कुणाच्या पायातले बूट काढायला मी पुन्हा गुडघ्यावर बसणार नाही.