आरशात बघून मारलेला जोड

आमच्या वीज केंद्रात त्याला सगळे शिंपी म्हणायचे. होता वेल्डर, पण बॉयलरची फुटलेली नळी अशी शिवायचा की हात फिरवूनही जोड लागू नये. नळीच्या पुढून कोणीही वेल्डिंग मारेल. मागे डोकं जात नाही. तिथे आरसा टांगायचा आणि त्यात बघत हात उलटा चालवायचा. ते त्यालाच जमे. मी फिटर, त्याच्या जोडीला.

हा जुना बॉयलर कोळसा बकाबका खायचा आणि राख गावावर सोडायचा. शेजारी नवा तयार होता. तेवढ्याच विजेला कमी कोळसा, धूरही गाळून सोडणारा. पण जुना चालतोय तोवर घाई कशाला, असं वरच्यांचं म्हणणं.

शिंप्याची थोरली बहीण राखेच्या तळ्याजवळ राहायची. तिला दमा. पुन्हा नळी फुटली तेव्हा तो तिच्याकडेच होता. बोलवायला मी गेलो.

"आलात न्यायला?" ताई दारातच उभी राहिली.

"काय करणार ताई, बाकीच्यांचे जोड तपासणीत नापास झाले."

"मग याचाही होऊ दे. ते धूड बंद पडलं तर नवा सुरू करतील." भावाकडे वळून म्हणाली, "शाळेत गणितात नापास होताना लाजला नाहीस, आता कसली लाज?"

तो हसला. "बरं. या वेळी नापास. शब्द दिला."

बॉयलरमध्ये पाठीवर पडून त्याने पहिला थर मारला. आरशात मला त्या थरात भोकं दिसली. मी पुढचा रॉड त्याच्या हातात दिला. तोच थांबला.

"माझे जोड हल्ली तपासत नाहीत रे. नुसती सही करतात. हा फुटला तर पाळीवरच्या माणसाच्या अंगावर वाफ जाईल."

"मग साहेबांना सांग, या वेळी तपासा म्हणून."

"आणि नापास झाला तर?"

"तेच तर हवंय ना ताईला?"

त्याने आरसा पुसून पुन्हा टांगला. मग म्हणाला, "ग्राइंडर दे." सगळा थर घासून काढला आणि नव्याने मारला. इतका सुरेख जोड मी त्याच्याही हातचा पाहिला नव्हता.

चिमणी पुन्हा धुरावली. तो ताईकडे एकटा जाईना, म्हणून मी सोबत गेलो. ती रागावली नाही. बाजेवर बसून दम खात होती.

"चांगला झाला का जोड?"

"झाला."

"किती टिकेल?"

कामाबद्दल तो कधी खोटं बोलला नव्हता. "दहा वर्षं सहज," म्हणाला. मान वर केली नाही.

"मग ती खिडकी लावून घे," ताई म्हणाली.