मुकुटबनच्या राणीची सही

हवाई बेटांच्या राणीचं राज्य परदेशी साखरवाल्यांनी कसं गिळलं, यावर नाटक लिहिणारा मराठी माणूस माझ्याखेरीज दुसरा नसावा. मी जफर सर, इतिहासाचा शिक्षक. कापसाचे भाव पार झोपले होते ते वर्ष. शारदोत्सवात लोकांना चार घटका दुसऱ्या कोणाचं नुकसान दाखवावं, म्हणून मी ते लिहिलं. आमच्या मुकुटबन गावाला माझ्या विद्वत्तेची कदर नव्हती, हा भाग वेगळा.

राणी व्हायला एकही पोरगी तयार होईना. शेवटी इंदुताई उभ्या राहिल्या. शाळेत खिचडी शिजवणाऱ्या, पन्नाशीच्या, आवाज खणखणीत. नवरा गेल्यावर त्या बापाच्या वावरात दोन खोल्या बांधून राहत होत्या. सातबाऱ्यावर त्यांचं आणि धाकट्या भावाचं, बबनरावाचं, नाव होतं. लेकीनं साडीचोळी घ्यावी आणि भावाला हक्क सोडून द्यावा, ही आमच्याकडची रीत. बबनरावानं तीन दिवाळ्या तीन साड्या आणल्या. इंदुताईंनी तिन्ही नेसल्या, पण सही केली नाही.

परदेशी व्यापाऱ्याचं काम बबनरावानं मागून घेतलं. मला वाटलं, कलेची ओढ. गाढव मी.

शेवटच्या प्रवेशात राणी राज्यत्यागाच्या कागदावर सही करते. राणीचं नाव एवढं लांबलचक, की मीच ते तीन ठिकाणी तीन तऱ्हेनं लिहिलं होतं. इंदुताईंना अक्षरओळख माझ्याच साक्षरता वर्गात झालेली. मी म्हटलं, “ताई, तुमचंच नाव लिहा. पाहणाऱ्याले काय दिसते?” रोज तालमीत त्या कोऱ्या कागदावर ऐटीत सही ठोकत. बबनराव ते बारकाईनं पाही.

प्रयोगाला अख्खं गाव लोटलं. पाइपाची तोफ आली, सैनिक आले, टोपी घालून बबनराव आला आणि त्यानं राणीपुढे कागद धरला.

राणी कागद वाचू लागली. माझ्या नाटकात राणी वाचत नाही.

“सही करा, सही करा!” मी पडद्यामागून कुजबुजलो.

“थांबा न सर. एवढ्या लोकांपुढं न वाचता सही करणारी राणी बावळट दिसन,” म्हणून इंदुताई बोट ठेवून मोठ्यानं वाचू लागल्या. “मी… राजीखुशीनं… मौजे मुकुटबन… गट नंबर एकशे बारा…”

इंदुताईंनी मान वर केली.

“काहून रे बबन, हवाई बेटात आपलं वावर कुठून आलं?”

चारशे साक्षीदारांसमोर सही झाली की जमीन आपली, असं त्याचं गणित. असा कागद सरकारी कचेरीत नोंदवावा लागतो, हे त्याला ठाऊकच नव्हतं.

“बाई, नाटक आहे, कर न सही,” बबनराव पुटपुटला.

“नको करू वं इंदुताई!” बायकांतून आरोळी उठली. राणीनं कागद कमरेला खोचला आणि सैनिकांना हुकूम सोडला, “धरा याले!” आणि त्या नालायकांनी माझा सारा इतिहास धाब्यावर बसवून आपल्याच व्यापाऱ्याला धरलं. लोक हसून हसून लोळले. जगात फक्त मुकुटबनला हवाईचं राज्य वाचलं.

दुसऱ्या दिवशी मी खिचडीच्या चुलीपाशी गेलो. रागावायचं ठरवून गेलो होतो, ते जमलं नाही.

“सर, त्या राणीले वाचता येत नव्हतं काय?” त्यांनी विचारलं.

“चांगली शिकलेली होती. तिची माणसं कैदेत होती. त्यांचे जीव वाचवाले तिनं सही केली.”

“मंग बरोबर केलं तिनं.” त्यांनी खिचडी ढवळली. मग पदरानं डोळे पुसत म्हणाल्या, “मी नाई केली, वावर राह्यलं. पण सकाळी बबन समोरून गेला, माह्याकडं पाह्यलं बी नाई. वावर राह्यलं सर, माहेर गेलं.”