सुमनने पदराखाली झाकलेलं बोट

मंडळी, मी सांगतेय आणि सुट्टीवर आलेली भाची टाइप करतेय. गोड बोलायला मला जमत नाय.

खर्डीला माझ्या हाताखाली नऊ बाया शाळेचे गणवेश शिवतात. भाची पुण्याला कॉम्प्युटर कंपनीत आहे. तिथली एजाइल पद्धत तिनंच आमाला शिकवली. थोडं थोडं शिवायचं, दर आठवड्याला शाळेला दाखवून सुधारायचं. आणि रोज सकाळी पाच मिनिटं उभं राहून प्रत्येकीनं सांगायचं, काल काय केलं, आज काय करणार, कुठं अडलंय.

आज सकाळी सुमन म्हणाली, "माझं काय नाय अडलं." आणि तिथंच कोसळली. अंगात सणसणून ताप. पदराखालचा हात ओढला तर बोट काळंनिळं. चार दिवसांपूर्वी मशीनची सुई आरपार गेलेली, वर चिंधी बांधून ही शिवतच होती.

शहापूरचे डॉक्टर म्हणाले, ठाण्याला न्या, बोट काढावं लागेल.

मी ओरडले, "रोज विचारते ना गो मी? दातखीळ बसली होती का?"

ती हळूच म्हणाली, "हे उभं राहून सांगायचं सुरू झालं, त्या पयल्या दिवशी आपली रखमी बोलली, मशीन अडतंय. तुमी तिला काय बोललात ताई? रडायचं तर घरी बस. मग कोण बोलंल?"

तिला ठाण्याला भरती करून मी आत्ता घरी आलेय.

उद्या सकाळी आठजणी माझ्यासमोर उभ्या राहतील. त्यांनी खरं बोलावं म्हणून मी आधी काय बोलू? तुमी सांगा.