डाव्या हाताची शीर

फोन आला तेव्हा मी देगलूरच्या घरी हौद धूत होतो. आठ दिवस लातूरला दवाखान्यात बसून होतो. लेक म्हणाली, बाबा, एक दिवस घरी जाऊन या, आई आता बरी होऊन राहिली. म्हणून आलो. हौद धुऊन नळ सोडला आणि फोन वाजला. ओल्या हातानं उचलला तर लेकीला बोलताच येईना. "बाबा..." एवढंच. मी म्हणालो, "थांब, नळ चालू हाय, बंद करून येतो." आणि खरंच गेलो, नळ बंद केला, मग तिथंच हौदाच्या कडेला बसलो. रत्नमाला गेली त्याला आता दीड महिना होईल. माझी बायको. पण एवढीच ओळख सांगितली तर ती पुरी होत नाही. ती सिस्टर होती. हे मी साऱ्या जन्मात चार लोकांपुढं एकदाच बोललो.

मी गवंडी. शाळा चौथीपर्यंत. ती लातूरला नर्सिंग शिकलेली, लग्नाआधीपासून नोकरीत. लोक म्हणायचे, गवंड्याला शिकलेली बाई मिळाली. मला ते आवडायचं आणि सलायचंही. तीन लेकरं झाली, तिनं नोकरी सोडली. सोड असं मी म्हणालो नव्हतो, पण सोडली तेव्हा बरं वाटलं, हे खोटं नाही. अकरा वर्षं ती घरात होती. धाकटा शाळेत जायला लागला आणि एक दिवस भाकरी थापता थापता म्हणाली, "मी परत दवाखान्यात जाऊ म्हणते."

"काय कमी हाय तुला इथं?"

"कमी काय न्हाई. मला ते काम येतं."

"लोकांचं हागणंमुतणं काढायचं काम?"

"तीन लेकरांचं काढलं की इथं. तवा न्हाई काही वाटलं तुम्हाला."

मी ताट सारून उठलो. आमच्यात भांडणं होत नसत, मी बोलणं टाकायचो. त्या वेळेलाही टाकलं. ती गेलीच.

पण अकरा वर्षांत सुया बदलल्या होत्या. तिनं नोकरी सोडली तेव्हा लोखंडी होत्या, आता शिरेत ठेवायच्या बारीक प्लास्टिकच्या आलेल्या. पहिल्याच दिवशी एका म्हातारीला तीनदा टोचलं, हात सुजला, शीर काही सापडली नाही. वयानं तिच्याहून लहान असलेली मोठी सिस्टर सगळ्यांपुढं म्हणाली, "बाई, तुम्ही चादरी बदला. सुईला हात लावू नका." हे रत्नमाला थोरल्या लेकीला सांगत होती, मी ओसरीवरून ऐकलं. आठ दिवस ती चादरीच बदलत राहिली. संध्याकाळी दारात बसून स्वतःच्या दंडाला रबरी पट्टी बांधायची, दातानं ओढून. सुई धरायची, आणि हात थांबायचा. एका हातानं जमायचं नाही ते. मी तीन दिवस बघितलं. चौथ्या दिवशी कामावरून आलो, हाताचं सिमेंट धुतलं, तिच्यापुढं मांडी घातली, डावी बाही वर केली आणि हात पाटावर ठेवला. 

"दुखंल..." ती म्हणाली.

मी भिंतीकडं बघितलं. पहिली चुकली. दुसरीही चुकली. ती लगोलग तिसरी सुई काढायला लागली, तेव्हा मग मला राहवलं नाही. "घाई करून राहिलीस तू. घाईनं वीट बसत न्हाई."

"वीट हाय व्हय ही?"

"मग काय हाय? गवंड्याचाच हात हाय."

ती हसली आणि तिसरी सुई लागली. मागच्या बारक्या नळीत रगत चढलं तशी ती एवढ्यांदा ओरडली, "लागली!", की शेजारीण डोकावून गेली. पुढं महिनाभर माझा हात निळा होता. कामावर विचारलं की मी म्हणायचो, फळी पडली.

सुई तिच्या हाती परत आली, नोकरी पुढं वीस वर्षं चालली. मी मात्र पावण्यारावळ्यांत सांगायचो, आता सिस्टरचं काम न्हाई, दवाखान्यात लिहायला असते. बिलोलीच्या माझ्या थोरल्या भावालाही तेच सांगितलं. मग एकदा दादाच जुलाबानं त्या दवाखान्यात पडला. बरा होऊन आमच्या घरी आला आणि तिच्या देखत म्हणाला, "लिहायला असते म्हणालास की रे? चार दिवस माझं समदं ह्याच पोरीनं काढलं. एक अक्षर लिहिताना न्हाई दिसली." रत्नमालानं चहाचा कप खाली ठेवला. दादा गेल्यावर विचारलं, "मी लिहायला असते व्हय?" मी कप उचलून मोरीत ठेवला.  ती म्हणाली, "बरं." भिंत वाकडी दिसली की मी दुसऱ्याच्या घरचीसुद्धा पाडायला लावायचो. 'लिहायला असते' हे एक वाक्य मात्र मला कधी पाडता आलं नाही...

त्या आठ दिवसांतल्या शेवटच्या संध्याकाळी लातूरच्या दवाखान्यात एक नवी सिस्टर पोरगी तिला सुई लावत होती. शिरा सुकून गेलेल्या. पोरीच्या कपाळावर घाम. रत्नमाला डोळे मिटूनच म्हणाली, "भिऊ नको बाळ. डाव्या मनगटाच्या वर बघ. डोळ्यानं न्हाई, बोटानं बघ." लागली. पोरगी म्हणाली, "आजी, तुम्हाला कसं कळलं?"  तेव्हा मी उठून उभा राहिलो, आणि सगळ्या खाटांना ऐकू जाईल असा बोललो, "ती सिस्टर हाय. देगलूरची. लिहायला नव्हती ती कधी." पोरीला काही समजलं नाही, नुसती मान डोलावली. रत्नमालाचे डोळे मिटलेलेच होते. तिला ऐकू गेलं का झोप लागली होती, मला माहीत नाही. विचारायचं उद्यावर टाकलं. दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीनं मी हौद धुवायला आलो.

माझ्या हाताला सुई लागली त्या दिवसापासून चहा देताना ती दुसऱ्या हाताच्या अंगठ्यानं माझं डावं कोपर आतून दाबायची, शीर बघायची. रोज. "हाय, जागेवर हाय," म्हणायची आणि पुढं जायची. ती रबरी पट्टी अजून दारामागं खिळ्याला आहे. आता सकाळी चहा मी करतो, दारात बसतो, डावी बाही वर करतो आणि अंगठा ठेवतो. शीर सापडत नाही, बोटाखालून सरकते. मी घाई करत नाही. चहा निवेपर्यंत अंगठा तिथंच ठेवतो.