सासऱ्यांच्या छातीतला कफ आणि धपाटेबाई

सासरेबुवांना न्यूमोनिया झाला होता आणि त्यांचा खोकला मला ऐकवेना. जावयाचं काळीज, दुसरं काय. खोकला दाबणारं औषध खिशात घालून दवाखान्यात नेलं आणि नर्सची पाठ वळताच त्यांना पाजलं. सासरेबुवा शांत झोपले. मी स्वतःवर बेहद्द खूश.

सकाळी डॉक्टरांनी छाती तपासली आणि त्यांचा चेहरा उतरला. कफ आतच साचला होता. संध्याकाळपर्यंत सुटला नाही, तर घशातून नळी घालून ओढावा लागणार, आणि या वयात ते जोखमीचं. म्हणून त्यांनी धपाटेबाईंना बोलावलं.

हे नाव अर्थातच पेशंटांनी ठेवलेलं. बाई छातीच्या व्यायामाच्या जाणकार. ठेंगण्या, चष्मेवाल्या, काखेत कायम एक उशी. लग्न जमवताना त्यांच्या वडिलांनी "मुलगी दवाखान्यात असते" एवढंच सांगितलं होतं. ती लोकांचा कफ काढते, हे सासरी नंतर कळलं. "तोवर लग्नाची जेवणं झाली होती," बाई म्हणतात. उभा जन्म पाठी थोपटण्यात गेला, पण नातवाला थोपटायला सुनेची सक्त मनाई. तो दचकून उठतो.

"यांना काय पाजलंत?" बाईंनी मला विचारलं. मी चाचरत सांगितलं.

"शाबास. केर काढणाऱ्यालाच सुट्टी दिलीत." मग उशी लावता लावता म्हणाल्या, "अहो, कफ काही वैरी नाही. श्वासाच्या नळ्यांना आतून ओला, चिकट थर असतो. धूळ, जंतू त्यात अडकतात आणि बारीक केस ते वर ढकलत राहतात. धडधाकट माणूस ते दिवसभर गिळतो, त्याला पत्ताही नसतो."

माझ्या हातात चहा होता. तो मी खाली ठेवला.

"आजारात तो दाट होतो, वाढतो, केसांना रेटवत नाही. तेव्हा खोकलाच तो बाहेर काढतो."

पण सासरेबुवा अडून बसले. हयातभर थिएटरचे मॅनेजर. जिन्याच्या प्रत्येक वळणावर 'थुंकू नये'ची पाटी त्यांनी उभं राहून ठोकून घेतलेली. "बाईमाणसासमोर मी थुंकणार नाही. जावईबापू, यांना चहा द्या आणि वाटेला लावा."

"चहा मागाहून. काका, कुशीवर वळा."

बाईंनी तळहात वाटीसारखा पोकळ केला आणि पाठीवर ठेका धरला. घोडा दुडक्या चालीने निघाल्यासारखा आवाज येऊ लागला.

"माझ्या बायकोनेसुद्धा कधी इतकं बडवलं नाही," सासरेबुवा कण्हले.

"त्यांनी मनात ठेवलं असेल. आता चष्म्याच्या काचेवर वाफ सोडता ना, तसं 'हाऽ' करा. पुन्हा. हं, आणि ही घ्या डबी. मी खिडकीबाहेर बघते."

खरंच त्या पाठमोऱ्या उभ्या राहिल्या. मीही भिंतीकडे तोंड केलं. बराच वेळ नुसती घरघर. मग खोल तळातून एक खोकला उठला, त्याच्यामागून दुसरा, आणि डबीचं झाकण लागल्याचा आवाज आला. बाईंनी वळून ती डबी उजेडात अशी धरली, जशी सोनाराने नथ धरावी.

"सुटायला लागलाय," त्या म्हणाल्या.

दुपारी पुन्हा तोच घोडा दौडला. या खेपेस सासरेबुवांनी डबी स्वतःच मागून घेतली. संध्याकाळी डॉक्टरांनी छाती ऐकली, मान डोलावली आणि नळीचा विचार सोडून दिला. बेसिनपाशी हात धुणाऱ्या बाईंना मी हळूच विचारलं, "उद्या पुन्हा नळीचा प्रसंग यायचा नाही ना?"

"तुम्ही खोकू दिलंत, तर नाही."