ओटीवरचा वस्तरा

त्या हिवाळ्यात मी सासुरवाडीला राहायला गेलेलो. बायकोचे गरोदरपणाचे शेवटचे आठवडे चाललेले, तिची डॉक्टर माहेराजवळची, म्हणून तिने तिकडेच राहायचं ठरवलं. माझं ऑफिस लॅपटॉपवरच चालायचं, तेव्हा शीळफाट्याजवळच्या आमच्या फ्लॅटला कुलूप लावून मीही तिच्यामागे गेलो.

तिचं माहेर ठाण्यातच, घोडबंदर रोडवरून आत खाडीकडे उतरत गेलं की लागणाऱ्या एका जुन्या गावठाणात. कौलारू घर, पुढे ओटी, अंगणात चुना लावलेला क्रूस, मागे मांडवावर दुधीचा वेल. एका बाजूला खारफुटी आणि दुसऱ्या बाजूला नवे टॉवर. सकाळी खाडीवरून धुकं चढायचं आणि टॉवर पुसून टाकायचं. मग बराच वेळ फक्त घर, ओटी आणि आम्हीच असायचो, बाकी जग कुठे आहे ते कळायचं नाही. ते दिवस आठवताना आजही मला आधी ते धुकंच दिसतं, आणि त्यातून हळूहळू माणसं.

बायकोच्या घरचे पोर्तुगीजांच्या काळापासूनचे ख्रिस्ती. आम्ही वर्तकनगरच्या कॉलनीतले, दीड दिवसाचा गणपती आणणारे. लग्नाला दोन्ही घरांतून आधी नाही आणि मग हो झालेलं. त्यानंतर कुणी कुणाशी वाकडं वागलं नाही. फक्त सासरे आणि मी बोलायचो नाही. भांडण काहीच नव्हतं, बोलायला विषय नसायचा. त्यांना हाक काय मारायची हेही माझं ठरत नव्हतं. बायको त्यांना पपा म्हणायची. माझ्या तोंडून ते निघेना, आणि अंकल म्हणायची वेळ कधीच निघून गेलेली. मग काही सांगायचं असलं की मी त्यांच्यासमोर जाऊन नुसता उभा राहायचो. ते मला जावयाचा मान म्हणून ‘तुमी’ म्हणायचे आणि पेपरमध्ये डोकं घालायचे. वागळे इस्टेटमधल्या एका कारखान्यात त्यांनी सगळी नोकरी फिटर म्हणून केलेली. आता रिटायर होते, कुठे जायचं नसायचं, तरी रोज आंघोळीआधी दाढी करायचे, बाजारात मिळतं तसलं प्लास्टिकचं रेझर घेऊन.

सुरुवात झाली ती माझ्या गळ्यावरच्या पुरळापासून. दाढी केली की दुसऱ्या दिवशी लाल पुटकुळ्या यायच्या. कातडीच्या डॉक्टरांनी सांगितलेलं, दोन-तीन पात्यांची रेझर सोडा, एकच पातं वापरा. बायकोने हे नाश्त्याच्या टेबलावर सगळ्यांसमोर सांगितलं. मला ओशाळल्यासारखं झालं. सासरे मात्र हातातला पाव तसाच ठेवून उठले. आतल्या खोलीत पेटीचं झाकण वाजलं. ते परत आले तेव्हा त्यांच्या हातात फडक्यात गुंडाळलेलं काहीतरी होतं. त्यांनी ते माझ्यासमोर ठेवून उलगडलं. काळ्या शिंगाच्या मुठीत मिटलेला जुना वस्तरा, पात्यावर तपकिरी गंजाचे ठिपके.

“माझ्या बापाचा,” ते म्हणाले. “मला कधी हात लावू दिला नाय.” मग त्यांनी विचारलं, “तुमाला येतं?”

मी नाही म्हणालो.

“मला पन नाय,” ते म्हणाले, आणि खुर्ची ओढून माझ्या शेजारी बसले. लग्नानंतर पहिल्यांदाच.

धार लावायचं काम त्यांच्याकडे गेलं. लोखंडाशी त्यांची ओळख जुनी. दुपारभर ते ओटीवर मांडी घालून, दगडावर तेलाचे थेंब टाकून, पातं पुढे-मागे सरकवत बसायचे. मी आत मीटिंगमध्ये असायचो आणि हेडफोनच्या कडेने तो आवाज झिरपत राहायचा, एकसुरी, गुंगी आणणारा. संध्याकाळी ते मनगटावरच्या केसांवर पातं फिरवून बघायचे आणि नाही म्हणून मान हलवायचे. एका संध्याकाळी मान हलली नाही.

पण धार लागली म्हणजे दाढी आली असं नसतं. ती शिकायची कुणाकडून? गावातले न्हावीसुद्धा आता बदलायच्या पात्याचा वस्तरा वापरतात. शेवटी मी मोबाईलवर व्हिडिओ लावला. एक गोरा माणूस संथपणे सगळं समजावत होता. आम्ही दोघं ओटीच्या कडेला, एकाच मोबाईलवर डोकी वाकवून. तो बोलायचा, मी थांबवून मराठीत सांगायचो, सासरे पुन्हा मागे न्यायला लावायचे. वस्तरा परजायला चामड्याचा पट्टा हवा, हे कळल्यावर त्यांनी कारखान्याच्या दिवसांतला कमरेचा पट्टा काढला आणि ओटीच्या खांबाला ठोकला. पातं पाठीवरून उलटायचं, धारेवरून नाही, हे व्हिडिओत तीनदा ऐकूनही त्यांनी पहिल्याच फटक्यात पट्ट्याला चीर पाडली. दुसरी मी पाडली.

तोंडाला वस्तरा लावायचा धीर दोघांनाही होईना. व्हिडिओतला माणूस फुग्याला फेस लावून सराव करत होता. घरात फुगा नव्हता. सासरे जरा विचारात पडले आणि मला घेऊन मागच्या मांडवाखाली गेले. कोवळ्या दुधीवर बारीक पांढरी लव असते, हे मी तेव्हा पहिल्यांदा नीट बघितलं. सकाळच्या तिरप्या उन्हात ती चमकत होती. त्यांनी ब्रशने एका दुधीला शेंड्यापर्यंत फेस फासला, एका हाताने तो आईने बाळाची हनुवटी धरावी तसा धरला आणि वस्तरा टेकवला. ओरखडा पडून चीक आला. मग माझी पाळी. मी डावखुरा, त्यामुळे त्यांच्या समोर उभा राहून शिकणं मला सोपं जायचं. ते उजव्या हाताने जे करायचे ते मी आरशातल्यासारखं डाव्या हाताने करायचो. दोन-चार दिवसांत आमच्या हाताखालून गेलेल्या दुधीवर ओरखडा राहिनासा झाला.

सासूबाई भाजीसाठी दुधी काढायला आल्या, तर वेलावरचे दुधी गुळगुळीत आणि खाली मातीत फेसाचे शिंतोडे. आत जाऊन मुलीला म्हणाल्या, की या घरात आता भाजीपन दाढी करून येते. आतून बायकोचं हसणं ऐकू आलं. हसताना ती पोट सांभाळत ‘आई गं’ म्हणत होती.

मग एका सकाळी आम्ही समोरासमोर स्टूल मांडले, गरम पाण्यात टॉवेल बुडवून तोंडावर ठेवले आणि सुरुवात केली. वस्तरा एकच. आधी त्यांचा एक गाल, मग पुसून, परजून माझा एक गाल. आरसा न्हाणीघरात होता, तिथे उजेड नव्हता. म्हणून तेच माझा आरसा होते आणि मी त्यांचा. ते त्यांच्या गालावर बोट ठेवून दाखवायचे, इथे राहिलंय. मी तिथे हात न्यायचो. केस कापले जातात तेव्हा फार बारीक आवाज येतो, सुकी वाळू कागदावरून घसरावी तसा. पुढे पुढे मी डोळे मिटून त्या आवाजावरच चालायला लागलो. धुकं, साबणाचा वास, आत सासूबाई नाताळच्या करंज्यांचं सारण परततायत त्याचा वास, आणि गालावर चालणारा तो आवाज. हनुवटीच्या वळणावर दोघांनीही रक्त काढलं. तुरटीचा खडा फिरवला की झणझणायचं, सासरे डोळे बारीक करून म्हणायचे, “हलू. घाई नाय.” तेव्हा मला वाटायचं, खरंच कसलीच घाई नाही.

नाताळ होऊन गेला. अंगणातली कागदाची चांदणी अजून उतरवायची होती, तेव्हा बायकोला कळा सुरू झाल्या. सगळी रात्र हॉस्पिटलच्या बाकावर गेली. पहाटे मुलगी झाली. तिला दोन्ही हातांवर घेतलं आणि माझे हात कापायला लागले, ते थांबेचनात. सकाळी सासूबाई थांबल्या आणि मला घरून कपडे, पेज आणि टोपरं आणायला पाठवलं.

सासरे रात्रीच परत आलेले, घर सांभाळायला. ओटीवर उभे होते. मी सांगितलं, मुलगी, दोघी बऱ्या आहेत. त्यांनी छातीवर क्रूसाची खूण केली. पाणी आधीच तापवून ठेवलेलं. माझ्याकडे नीट बघितलं. डोळे लाल, गालांवर खुंट. मी हात पुढे करून वस्तरा घेणार तोच त्यांनी माझा कापणारा हात बघितला आणि वस्तरा दिला नाही.

“बस,” ते म्हणाले.

मी बसलो. त्यांनी गरम टॉवेल ठेवला, फेस लावला, माझं डोकं मागे घेऊन आपल्या पोटाशी टेकवलं. तोवर आम्ही कधी एकमेकांना हात लावला नव्हता, लग्नातला एक शेकहँड सोडून. वस्तरा कानाजवळून निघाला. मी आवाज ऐकत होतो, आणि ऐकता ऐकता मी एका होडीत आडवा पडलेलो. वल्हवणारं कुणी नव्हतं. पाणी कोमट, पांढुरकं, साबणाच्या पाण्यासारखं. काठावरून कुणीतरी वाळूतून माझ्या बरोबरीने चालत होतं, चर्र, चर्र, थांबत, पुन्हा चालत. त्या पावलांवर माझी होडी सरकत होती. मी लहान होतो की माझी मुलगी होडीत होती, ते कळत नव्हतं. कुणाला काही विचारावंसंही वाटत नव्हतं.

जाग आली तेव्हा धुकं विरलेलं, टॉवर जागच्या जागी उभे. गाल गार आणि गुळगुळीत. वाटीतल्या फेसाचं पाणी झालेलं. सासरे माझ्यामागे तसेच उभे होते, वस्तरा मिटून खिशात, आणि दोन्ही हातांच्या ओंजळीत माझं डोकं. ते घरंगळू नये म्हणून.

“पपा, किती वाजले?” मी विचारलं. विचारल्यावर माझं मलाच कळलं मी काय बोललो ते.

त्यांना त्यात काही वेगळं वाटलं असेल तर त्यांनी दाखवलं नाही. म्हणाले, “पेज झाली नाय अजून. तू झोप.”

मी झोपलो नाही, पण लगेच उठलोही नाही.

त्यानंतरच्या धावपळीत पपांची दाढी राहूनच गेली. बाळ घरी आलं, बारसं की बाप्तिस्मा यावर दोन्ही घरांत चर्चा होऊन दोन्ही झालं, तोवर त्यांना चांगली पांढरी दाढी आलेली. मुलगी जराशी मोठी झाल्यावर ती दाढी मुठीत धरून झोपायला लागली. मग त्यांनी काढलीच नाही. आम्ही आमच्या फ्लॅटवर परत निघालो तेव्हा त्यांनी वस्तरा फडक्यात गुंडाळून माझ्या बॅगेत टाकला आणि पट्टा खांबावरून उपसून दिला, खिळ्यासकट.

इथे खांब नाही. पट्टा मी खिडकीच्या ग्रिलला अडकवतो. रोज जमत नाही. रविवारी सकाळी, बाकीचे झोपलेले असताना, बाल्कनीचं दार उघडं ठेवून करतो. गळ्यावर आता पुरळ येत नाही.

परवा पपा आणि सासूबाई राहायला आलेले. पपांनी बाल्कनीत स्टूल घेतला आणि मला म्हणाले, दाढी राहू दे, मानेवरची तेवढी काढ. मी टॉवेल भिजवून आणला. त्यांच्या गळ्याची कातडी आता सैल झालीय. ती उजव्या हाताने ताणून मी डाव्या हाताने वस्तरा टेकवला, तेवढ्यात त्यांना खाडीच्या चिखलातली निवट्यांची मासळी यंदा कशी कमी झाली ते सांगायचं आठवलं. मी म्हटलं, पपा, वस्तरा गळ्यावर आहे, बोलू नका. ते गप्प झाले. पाणी झटकायला मी वस्तरा उचलला की पुन्हा सुरू व्हायचे, जिथे थांबलेले तिथून. शेवटी मीच एकेका रेघेनंतर हात थांबवून त्यांचं वाक्य पुरं होऊ देत होतो. मानेवरचं एवढंसं काढायला अर्धी सकाळ गेली.